बॉनेटखाली काहीच नाही

माणूस स्वतंत्र आहे की नाही, हे त्याच्या देशाच्या घटनेवरून ठरत नाही. त्याच्या खिशात स्वतःच्या गाडीची किल्ली आहे की नाही, यावरून ठरतं. अमेरिकेत चव्वेचाळीस वर्षं काढल्यावर मी या निष्कर्षाला आलो आहे आणि तो कोणी खोडून दाखवावा, असं माझं जाहीर आव्हान आहे. आता माझ्या गाडीला किल्लीच नव्हती, ही गोष्ट वेगळी. ती डॅशबोर्डवरच्या एका खटक्याने सुरू व्हायची, आणि त्या खटक्याखाली आधीच्या मालकाने शाईने 'कदाचित' असं लिहून ठेवलं होतं.

मार्चमध्ये माझी सतरा वर्षांची सेडान वारली. घरात एकच गाडी उरली, ती माझ्या बायकोची, म्हणजे उत्तराची. ती मागायला गेलं की प्रश्न सुरू. कुठे जाताय, कशाला जाताय, किती वाजता येणार, मागच्या वेळी सीट मागे कोणी सरकवली. १९८१ साली विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला या देशात घेताना यापेक्षा कमी प्रश्न विचारले होते, आणि त्याने सीटचा विषयही काढला नव्हता.

मुलगा ओजस सनीव्हेलला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, यू डोन्ट रिअली नीड अ कार. अ‍ॅपवरून राइड बोलवा ना." आवाजात इतकं प्रेम होतं की मला लगेच संशय आला. बहात्तराव्या वर्षी बापाच्या हातातलं स्टिअरिंग काढून घ्यायची ही पहिली पायरी असते. दुसऱ्या पायरीला मुलं विचारतात, 'जिना चढताना त्रास होतो का?' तिसऱ्या पायरीला ती बायकोशी दुसऱ्या खोलीत जाऊन बोलतात. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत या क्रमाने गेलो होतो.

तेव्हा ठरवलं, की गाडी घ्यायची, रोज चालवायची, आणि अशी घ्यायची की कोणाला ती मागायची इच्छा होऊ नये.

इंटरनेटवर जाहिरात सापडली. 'किट कार. चालते. समजूतदार माणसाला देणे आहे.' मी समजूतदार असल्याबद्दल घरात दुमत आहे, पण जाहिरात घरच्यांना उद्देशून नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर गेलो. विकणारा म्हातारा इतका हसतमुख होता की तिथेच शंका यायला हवी होती. ती आली, पण मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मग त्याने गाडीबरोबर आग विझवायचा लाल सिलिंडर फुकट दिला. मी विचारलं, "हा कशाला?" तो म्हणाला, "सवय आहे." त्याची बायको ओसरीवर येऊन गाडीला निरोपाचा हात करत होती. तो हात सासरी निघालेल्या लेकीला करतात तसा नव्हता. महिनाभराच्या मुक्कामाला येऊन दोन वर्षं राहिलेल्या पाहुण्याला करतात, तसा होता.

किट कार म्हणजे काय, ते सांगतो. खोक्यातून कपाट येतं आणि आपण घरी स्क्रू पिळत बसतो, तशी खोक्यातून आलेली मोटार. कोणा हौशी माणसाने १९८४ साली खोकी मागवली, एका जुन्या छोट्या जर्मन गाडीचा सांगाडा मिळवला आणि त्यावर फायबरग्लासचं असं कवच चढवलं, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, १९३० सालचा कोणी सरदार शिकारीला निघालाय. जवळून पाहणाऱ्याला वाटावं, सरदार हौशी नाटकातला आहे.

ट्रेलरवरून गाडी पार्सिपनीत आमच्या दारात उतरली. उत्तराने पदर खोचून तिला एक प्रदक्षिणा घातली. भक्तीने नव्हे.

"इंजिन कुठे आहे?"

"मागे."

"मग पुढे काय आहे?"

"बॉनेट."

"ते दिसतंय. बॉनेटखाली काय आहे?"

"काहीच नाही."

"काहीच नाही, मग एवढं लांब कशाला?"

लांब बॉनेट ही सौंदर्याची बाब आहे, आणि सौंदर्याचं समर्थन करायला लागलं की माणूस हरतो. मी एवढंच म्हणालो, की मिशीखालीसुद्धा काही नसतं. ती म्हणाली, "तुम्ही मिशी ठेवता तरी कुठे?"

मग तिने अट घातली. गणपतीला मंजुषाकडे आरती असते. मंजुषा ही उत्तराची चाळीस वर्षांची मैत्रीण आणि तितकीच जुनी प्रतिस्पर्धी. "त्या दिवशी रीतसर नंबरप्लेट लावून मला या गाडीतून मंजुषाकडे नेलंत, तर ठेवा. नाही तर भंगारवाल्याला मी फोन करणार, आणि तुम्ही मुकाट्याने ओजसचं अ‍ॅप डाउनलोड करणार."

हातात साडेपाच महिने होते. इतक्या अवधीत माणसाने मोठमोठे पूल बांधले आहेत. अर्थात त्यांना शेजारी नव्हते.

आमच्या डाव्या अंगाला डॉन राहतो. अग्निशमन दलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेला, अत्यंत सभ्य माणूस. मी खटका दाबला, की तो आपल्या हिरवळीवर येऊन झाडांना पाणी घालू लागे. खटका बंद केला, की पाणी बंद. दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं, की नळीचं तोंड झाडांकडे नसतं. मी एकदा म्हणालो, "डॉन, तुझा विश्वास नाही वाटतं?" तो म्हणाला, "विश्वास आहे. नळी लांब आहे, एवढंच."

उजव्या अंगाला संजय. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, व्हिसावर आलेला. मी गाडीखाली उताणा पडलो की कुंपणापलीकडून त्याची चप्पल दिसायची आणि मागोमाग प्रश्न यायचा.

"काका, काय करून राहिले?"

"ब्रेक बघतोय."

"आहेत का?"

"आहेत."

"नाही म्हणजे, चांगलं आहे. काका, मी काय म्हणतो, या वायरिंगचा एक डायग्राम बनवा. यूट्यूबवर एक जण आहे, सेम गाडी आहे त्याच्याकडे."

"मग?"

"आता नाही चॅनेलवर. पण व्हिडिओ आहेत."

सल्ला तो भरपूर द्यायचा, पण कुंपण ओलांडायचा नाही. एकदा स्पॅनर धरायला बोलावला, तर जागेवरूनच म्हणाला, "काका, राग नका मानू. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग आहे. उद्या पोलीस-बिलीस आले तर आपण स्पॉटवर नको यार." हा 'यार' त्याने मला उद्देशून म्हटला की नशिबाला, हे मी विचारलं नाही.

रोज चालवायच्या गाडीला काय लागतं, याची मी यादी केली आणि ती जरा लांबली. बाहेरून दार उघडायला मूठ नव्हती. आत हात घालून उघडायचं, म्हणजे गाडीत शिरणारा प्रत्येक माणूस चोर दिसायचा. मी मुठी बसवल्या. वायपर दोन होते, पण त्यांचं आपसात पटत नव्हतं. एक डावीकडे निघाला की दुसरा उजवीकडे निघायचा आणि मधोमध गाठ पडली की दोघे अडून बसायचे. त्यांच्यात समेट घडवायला अख्खा जून गेला. भोंगा नवीन घेतला. या देशात भोंगा वाजवायचा नसतो, पण असावा दमदार. बंदूक ठेवणारी माणसंही असंच म्हणतात, हे मला मागाहून आठवलं.

पेट्रोल दाखवणारा काटा नव्हता. आधीच्या मालकाने सांगितलं होतं, टाकीत काठी बुडवून बघायचं. योग्य लांबीची, सरळ, लाकडी वस्तू घरात एकच होती. ते उलथनं मी दर वेळी तीनदा धुऊन जागेवर ठेवत होतो, हे इथे नमूद करतो. आठवडाभराने जेवताना उत्तरा थांबली. तिने ताट नाकाजवळ नेलं.

"बटाट्याच्या काचऱ्यांना कसला वास येतोय?"

"हिंग जास्त पडला असेल."

"काचऱ्यांत मी हिंग घालते?"

आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. काचऱ्यांत काय पडतं, हे मला माहीत असायला हवं होतं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या लाकडी वस्तू मोजून ठेवल्या जाऊ लागल्या, आणि मी ओट्याजवळून गेलो तरी तिची नजर माझ्या बाह्यांवर असायची.

सगळ्यात अवघड काम होतं काचेवरचं धुकं घालवायचं. इथल्या थंडीत काच आतून धुरकटते आणि मग समोर रस्ता आहे, हे गृहीत धरून चालवावं लागतं. मूळ गाडीत त्याची सोय कोणी ठेवली नव्हती. मी बॉनेट आणि काच यांच्यामध्ये जाळी नसलेली एक खाच पाडली, आत पंखा बसवला, दोन नळ्या टाकल्या आणि काचेच्या बुडाशी दोन तोंडं काढली. बाहेरची हवा खाचेतून आत, गरम होऊन काचेवर. आयुष्यभर मी बॉयलरची कामं केली. माझ्या हातून इतकं साधं आणि इतकं नेटकं काही झालं नव्हतं. खाचेला जाळी नंतर लावू, असं म्हणालो. हे 'नंतर' तुम्ही लक्षात ठेवू नका. मीही ठेवलं नव्हतं.

एवढ्यात असोसिएशनचं पत्र आलं. आमच्या वसाहतीची एक कमिटी आहे, ती घराचा रंग, कुंड्यांची उंची आणि लोकांचं समाधान यांवर लक्ष ठेवते. पत्रात अतिशय अदबीने लिहिलं होतं, की 'आपल्या ड्राइव्हवेवर वाहनसदृश वस्तू दिसून आली आहे. ती चालत नसल्यास चौदा दिवसांत हलवावी.' माझा अपमान 'चालत नसल्यास' या शब्दांनी झाला नाही, 'सदृश' या शब्दाने झाला. मी उत्तर लिहिलं, की वस्तू चालते, आणि शंका असल्यास कमिटीने समक्ष येऊन पाहावं. कमिटीच्या दोन बायका आल्या. मी खटका दाबला. गाडी सुरू झाली. धूर थोडा जास्त आला, हे मान्य. पण तो ओसरायच्या आत कुंपणावरून पाण्याची धार येऊन दोन्ही बायका भिजल्या, त्यात गाडीचा दोष काय? डॉन नंतर तीन वेळा माफी मागून गेला. माझी नव्हे, त्यांची.

मग नंबरप्लेट. त्यासाठी मोटार खात्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीमागच्या बाईंचं वागणं शेवटपर्यंत गोड होतं, हे आधी सांगतो. इथल्या ऑफिसात हीच पंचाईत असते. समोरचा माणूस आवाज चढवत नाही, त्यामुळे आपल्यालाही चढवता येत नाही, आणि राग घरी घेऊन यावा लागतो.

"गाडीचं वर्ष?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कुठलं हवं आहे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, ते मी निवडायचं नसतं."

मी समजावून सांगितलं. दिसायला १९३०. सांगाडा १९७१. जोडणी १९८४. वायपर, पंखा आणि मुठी या वर्षीच्या. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला. त्यावर चार आकड्यांची एकच चौकट होती.

"सर, हिचा जन्म कधी झाला, एवढंच सांगा."

हा प्रश्न माणसांच्या बाबतीतसुद्धा मला नेहमी संशयास्पद वाटतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, कारण मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या मुलांना एक जूनला जन्माला घातलं होतं. हे मी बाईंना सांगितलं. सांगायला नको होतं. त्यांनी माझ्या लायसन्सकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा लायसन्सकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की आधी गाडीची खास तपासणी होईल, वर्ष तिथले लोक ठरवतील. तारीख मिळाली. गणपतीच्या बरोबर तीन दिवस आधीची. पास झालो, तर प्लेट तिथेच. नापास, तर पुढची तारीख नोव्हेंबरात.

घरी येऊन सांगितलं तेव्हा उत्तरा भांडी पुसत होती. "भंगारवाला शनिवारी येतो का विचारून ठेवते," ती म्हणाली. "नुसतं विचारायला काय जातं?"

तपासणीच्या आदल्या दिवशी वाहनपूजा करावी, ही कल्पना गुरुनाथची. गुरुनाथ म्हणजे माझा जुना मित्र, रंगांच्या कारखान्यात केमिकल इंजिनिअर होता. निवृत्तीनंतर हौसेने पौरोहित्य करतो. अजून ऑफिसातल्यासारखंच करतो, म्हणजे मंत्र म्हणताना मध्येच 'पुढचा मुद्दा' म्हणतो. तो सोवळं नेसून, हातात ताम्हन घेऊन बॉनेटसमोर उभा राहिला.

"नरेंद्रराव, इंजिन इथेच ना?"

"नाही, मागे आहे."

गुरुनाथ विचारात पडला. "मग पूजा कुठल्या टोकाची करायची?"

इथे मतभेद झाले. माझं म्हणणं, वाहनाचं तोंड ते तोंड. उत्तराचं म्हणणं, पूजा करायची तर जे बिघडणार आहे त्याची करावी. ओजस व्हिडिओ कॉलवर होता, तो म्हणाला, "गाइज, कॅन यू डू बोथ एंड्स?" इंजिनिअरिंगचं शिक्षण वाया गेलं नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. दोन्ही टोकांना स्वस्तिक काढलं, दोन्ही टोकांना फुलं वाहिली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ गुरुनाथला बंपरवर फोडायचा होता. बंपर फायबरग्लासचा आहे, नारळ फुटायचा नाही, असं मी सांगितलं. मग तो ड्राइव्हवेच्या सिमेंटवर फोडला, आणि त्या आवाजाला डॉनने नळी उचलली.

शेवटी अक्षता. आम्ही तिघांनी रीतसर वाहिल्या. संजयलाही मूठभर दिल्या, पण एक्स्टेन्शन अजून पेंडिंग असल्यामुळे त्याने त्या कुंपणापलीकडूनच टाकल्या. अंतर जास्त, म्हणून जोर जास्त. नागपुरात तो क्रिकेट खेळत असे. 'शुभं भवतु' म्हणत त्याने हात फिरवला आणि कुंकू लावलेले तांदूळ बॉनेटवरून घरंगळत काचेच्या बुडाशी गेले आणि तिथून दिसेनासे झाले. आम्हाला वाटलं, देवाने स्वीकारले.

दुसऱ्या दिवशी एका दिवसाचा परवाना घेऊन मी गाडी रस्त्यावर काढली. मागे उत्तरा तिच्या गाडीत, चारही दिवे उघडझाप करत, ताशी पंचवीस मैलांनी. "मी येतेय ती तुम्हाला परत आणायला," असं तिने निघतानाच स्पष्ट केलं होतं.

तपासनीस धिप्पाड, गंभीर माणूस, निळा शर्ट, हातात पाटी. मी गाडीत बसलेलो, तो खिडकीत वाकलेला. दिवे झाले. ब्रेक झाले. पट्टे झाले. भोंगा वाजवला तेव्हा शेजारच्या रांगेतला एक माणूस कॉफीसकट उडाला, पण तपासनिसाने खूण केली. वायपर एकदिलाने चालले. मला जवळजवळ भरून आलं.

"डिफ्रॉस्टर," तो म्हणाला आणि हवा लागते का ते बघायला डोकं आत घालून काचेजवळ आणलं.

मी पंखा पूर्ण जोरावर सुरू केला.

आधी घर्रर्र असा आवाज आला, जो आदल्या दिवशीपर्यंत नव्हता. मग दोन्ही तोंडांतून अक्षता आल्या. आम्ही चौघांनी आदल्या दिवशी वाहिलेल्या अक्षता, त्याच क्रमाने, त्याच श्रद्धेने. त्याच्या केसांत, मिशीत, कॉलरमध्ये, पाटीवर. मंगलाष्टकं संपताना नवरदेव जसा डोळे मिटून उभा असतो, तसा तो थांबला. मग त्याने डोळे उघडले.

"सर, हे काय आहे?"

"तांदूळ."

"लाल का आहे?"

"शुभ असतो."

"तांदूळ का आहे?"

"आशीर्वाद आहे."

त्याने काही लिहिलं नाही. त्याने पेन खिशात ठेवलं. सरकारी माणसाने पेन खिशात ठेवणं, यासारखी भीतीदायक गोष्ट नाही. लिहितोय तोवर आपण निदान कागदावर असतो.

"बॉनेटखाली काय आहे?"

हा प्रश्न मला साडेपाच महिने इतक्या वेळा ऐकायला मिळाला होता, की उत्तर तोंडातून अभिमानाने गेलं. "काहीच नाही."

"उघडा."

मी उघडलं. आत नारळाची दोन शकलं होती. चार लिंबं होती. पाच सुपाऱ्या होत्या. आणि लाल दोऱ्याने बांधलेल्या तीन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. एकीत पिवळी पूड, एकीत लाल, एकीत पांढरीशुभ्र. गुरुनाथने पूजेचं उरलेलं साहित्य तिथे ठेवलं होतं. देवाला दिलेली जागा रिकामी राहू नये, असा त्याचा विचार होता, हे त्याने मला नंतर फोनवर सांगितलं. बॉनेटखाली पहिल्यांदाच काहीतरी होतं, आणि नेमकं तेव्हाच.

"सर, गाडीपासून दोन पावलं मागे व्हा."

तपासनिसाच्या वरच्या अधिकारी बाई आल्या. हातमोजे घालत आल्या. माझ्या डोळ्यांसमोर नोव्हेंबर महिना, भंगारवाला आणि ओजसचं अ‍ॅप, असं सगळं एका रांगेत उभं राहिलं. आणि अशा वेळी सुशिक्षित माणूस जे करतो तेच मी केलं. व्याख्यान सुरू केलं. आमच्या परंपरेत यंत्राला चेतन मानतात, ही पिवळी पूड आम्ही यंत्राच्या कपाळी लावतो, लाल तिच्यानंतर, पांढरी जमिनीवर टाकतो, दुष्ट शक्ती लांब राहतात, वगैरे. दर वाक्याला बाई अर्धं पाऊल मागे सरकत होत्या. "यंत्राचं कपाळ" हे मी दोनदा समजावून सांगितलं, याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात उत्तरा आली. पार्किंगमधून सगळं पाहत बसली होती. कोणाची परवानगी न विचारता तिने पिवळी पिशवी सोडली, बोट बुडवलं आणि चाटलं.

"टर्मरिक," ती म्हणाली.

लाल पिशवीत बोट बुडवून तिने ते स्वतःच्या कपाळाला लावलं. पांढरीची चिमूट घेऊन, खाली वाकून, त्या सरकारी सिमेंटवर एक छोटं कमळ काढलं. तपासनीस मान वाकडी करून बघत होता.

"धिस इज माय हजबंड," उत्तरा म्हणाली. इंग्रजीत असली तरी तिची वाक्यं मला मराठीतच ऐकू येतात. "या माणसाला काही लपवता येत नाही. माझं उलथनं लपवता आलं नाही. हे काय लपवणार? साडेपाच महिने त्या गाडीखाली झोपलाय. तपासायचं ते तपासा, पण नीट तपासा."

माझी बाजू घेतली गेली होती. ज्या शब्दांत घेतली गेली, ते मी तूर्त बाजूला ठेवतो.

वरच्या बाईंनी हातमोजे काढले. "म्हणजे हे लावलं की गाडी बिघडत नाही?"

"वर्षभर," उत्तरा म्हणाली.

"आमचा स्टिकर त्याहून जास्त चालतो," बाई अतिशय निर्विकार आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी तपासनिसाच्या कॉलरवरचे दोन तांदूळ काढले. "डिफ्रॉस्टरचं काय लिहिलंस?"

"अजून काही नाही."

"हवा जोरात आहे, असं लिही."

पास झालो. प्लेट मिळाली. वर्षाच्या चौकटीत त्यांनी काय लिहिलं, ते मी सांगत नाही. ही गाडी आपल्यापेक्षा लहान आहे, एवढं कळल्यावर उत्तराच्या चेहऱ्यावर जी नापसंती उमटली, ती पुरेशी आहे.

गणपतीच्या दिवशी सकाळी तिने हिरवी पैठणी नेसली, केसांना घट्ट रुमाल बांधला, मांडीवर उकडीच्या मोदकांचा डबा घेतला आणि पहिल्यांदा माझ्या शेजारी बसली. पट्टा लावला. तो दोनदा ओढून पाहिला. दाराची मूठ ओढून पाहिली. मग म्हणाली, "चला, बघू."

मी खटका दाबला. एका दमात सुरू झाली. डॉनने नळी ठेवून टाळी वाजवली. संजय चक्क आमच्या ड्राइव्हवेवर येऊन उभा राहिला. त्याचं एक्स्टेन्शन आदल्याच दिवशी आलं होतं. मी भर रस्त्याला लागलो. सिग्नलला शेजारच्या व्हॅनमधल्या मुलांनी हात हलवले, उत्तराने परत हलवला. एका तरुण जोडप्याने फोटो काढला, तेव्हा तिने रुमाल सारखा केला. चढावर गाडी जरा कण्हली आणि वर पोचली. उतारावर वारा आला आणि उत्तरा हसली. एकदाच, पण आवाज करून. मला वाटलं, आता ओजसला फोन करावा, आणि बोलू नये, नुसता हा आवाज ऐकवावा.

"चालवता बरी," ती म्हणाली.

सेहेचाळीस वर्षांत तिने माझ्या कुठल्याही गोष्टीला इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. मी छाती काढून बसलो. मंजुषाच्या रस्त्याचं वळण आलं. लांबूनच तिच्या दारातलं तोरण दिसत होतं, पायरीशी चपलांचा ढीग, ड्राइव्हवेवर चकचकीत गाड्यांची रांग, आणि दारात स्वतः मंजुषा, कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत. मी वेग कमी केला. असं आगमन घाईत उरकायचं नसतं.

उत्तराने माझ्या दंडाला बोट लावलं.

"अहो, मला या कोपऱ्यावरच सोडा. मी चालत जाते. तुम्ही पाचेक मिनिटांनी या."